नऊ नोव्हेंबर (जर्मन इतिहासातील)

जर्मनीच्या आधुनिक इतिहासातील पाच महत्त्वाच्या घटनांशी निगडित असलेला दिनांक. ९ नोव्हेंबर या दिवशी १८४८ मध्ये लोकप्रतिनिधी रोबेर्ट ब्लूम यांना देहान्त शासन देण्यात आले, १९१८ मध्ये राजसत्ता संपुष्टात येऊन प्रजासत्ताकाची घोषणा झाली, १९२३ मध्ये हिटलरचा म्यूनिक येथील उठाव फसला, १९३८ मध्ये ज्यूंवरील देशव्यापी अत्याचारांस प्रारंभ झाला आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत खुली झाली. त्यामुळे जर्मन लेखनात या दिवसाचा उल्लेख ‘नियतीचा दिवस’ असा केला जातो. तथापि या घटनांचे परस्परसंबंध एकाच प्रकारचे नाहीत. पहिली व शेवटची घटना या दिवशी घडली, ती योगायोगाने. मधल्या तीन घटना मात्र कार्यकारणाच्या साखळीने जोडलेल्या असून त्या साखळीत स्मरणदिनाच्या राजकीय वापराचा वाटा मोठा आहे.

१८४८ साली यूरोपभर झालेल्या क्रांत्यांच्या लाटेत फ्रँकफुर्ट येथे अखिल जर्मन संसद भरली. लाइपसिकचे रोबेर्ट ब्लूम हे तिच्यातील डाव्या गटाचे एक प्रमुख नेते होते. ऑक्टोबर महिन्यात व्हिएन्नातील क्रांतिकारकांना पाठिंबा देण्यासाठी ते तेथे गेले. सम्राटाच्या सैन्याने शहर पुन्हा जिंकून घेतल्यावर त्यांना अटक झाली आणि संसद-सदस्यत्वाचे संरक्षण डावलून ९ नोव्हेंबर रोजी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. जर्मन एकीकरण लोकशाही मार्गाने होण्याची आशा मावळत चालल्याची ही खूण होती.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९१८ च्या आरंभी, कील येथील नौसैनिकांनी बंड केले आणि ते अल्पावधीत देशभर पसरले. ९ नोव्हेंबर रोजी बर्लिनमधील कामगार रस्त्यावर उतरले. कैसर दुसरा विल्यम या वेळी बेल्जियममधील स्पा येथील लष्करी मुख्यालयात होता. त्याच्या संमतीची वाट न पाहता चॅन्सेलर माक्स फोन बाडेन याने कैसरच्या पदत्यागाची घोषणा केली आणि आपले पद समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचा नेता फ्रीड्रिख एबर्ट याच्याकडे सोपविले. त्याच दुपारी फिलिप शाइडेमान याने संसदभवनाच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली. काही तासांतच कार्ल लीप्कनेख्त याने राजवाड्यापाशी स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताक घोषित केले. अशा रीतीने नवे राज्य जन्मतःच दुभंगलेले होते. कैसर दुसऱ्या दिवशी नेदर्लंड्समध्ये आश्रयास गेला. ११ नोव्हेंबर रोजी युद्धबंदीचा करार झाला. त्यावर सही करण्याची जबाबदारी नव्या सरकारच्या प्रतिनिधींवर पडली आणि पराभवाचे खापर सेनानींऐवजी प्रजासत्ताकाच्या नेत्यांवर फोडण्याची सोय झाली. रणांगणावर अजिंक्य असलेल्या सैन्याच्या पाठीत स्वकीयांनीच खंजीर खुपसला, ही दंतकथा याच परिस्थितीतून निर्माण झाली. उजव्या गटांनी क्रांतीच्या नेत्यांना ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ असे नाव दिले.

१९२३ च्या घटनेमागे हाच द्वेष होता. त्या वर्षी अभूतपूर्व चलनवाढ आणि ऱ्हूर खोऱ्यावरील फ्रेंच-बेल्जियन ताबा यांमुळे देश हवालदिल झाला होता. ८ नोव्हेंबर रोजी सायंकाळी, क्रांतीच्या पाचव्या वर्षदिनाच्या पूर्वसंध्येस, म्यूनिकमधील बर्गरब्रॉयकेलर या बीअरच्या भव्य पानगृहात बव्हेरियाचा प्रमुख सत्ताधारी गुस्टाव्ह फोन कार याची सभा चालू होती. हिटलर सशस्त्र अनुयायांसह तेथे घुसला आणि बर्लिनमधील ‘नोव्हेंबरच्या गुन्हेगारांचे’ सरकार पदच्युत झाल्याचे त्याने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तो आणि जनरल लूडेनडोर्फ यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चाला फेल्डहेरनहाल या स्मारकवास्तूपाशी पोलिसांनी अडविले. गोळीबारात चार पोलीस आणि नाझी पक्षाने पुढे आपले हुतात्मे म्हणून गौरविलेले सोळा जण मृत्यू पावले. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली. परंतु डिसेंबर १९२४ मध्येच त्याची सुटका करण्यात आली.

१९३३ मध्ये सत्ता हाती आल्यावर नाझी पक्षाने या फसलेल्या उठावाचे रूपांतर पवित्र स्मृतिदिनात केले. १९३५ मध्ये त्या सोळा जणांच्या शवपेट्या म्यूनिकच्या राजचौकातील खास बांधलेल्या स्मारकमंडपांत हलविण्यात आल्या. दरवर्षी ८ नोव्हेंबर रोजी हिटलर त्याच पानगृहात जुन्या सहकाऱ्यांपुढे भाषण करी आणि ९ नोव्हेंबरला मोर्चाची पुनरावृत्ती होई. परिणामी या दिवशी पक्षाचे सर्व प्रमुख नेते हमखास एका ठिकाणी जमत असत.

या वार्षिक मेळाव्याचे परिणाम १९३८ मध्ये दिसून आले. ऑक्टोबरअखेर सु. १७,००० पोलिश ज्यूंना जर्मनीतून हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी एका कुटुंबातील हर्शेल ग्रिनश्पान या पॅरिसमध्ये राहणाऱ्या तरुणाने ७ नोव्हेंबर रोजी तेथील जर्मन वकिलातीतील अधिकारी एर्न्स्ट फोम राट याच्यावर गोळ्या झाडल्या. राट ९ नोव्हेंबरला मरण पावला आणि ही वार्ता म्यूनिकमधील स्मृतिदिनाच्या भोजनसमारंभात पोहोचली. हिटलरशी बोलणे झाल्यावर गोबेल्सने चिथावणीखोर भाषण केले. देशभरातून आलेल्या पक्षनेत्यांनी तेथूनच आपापल्या जिल्ह्यांना दूरध्वनीवरून आदेश दिले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी १,४०० हून अधिक सिनेगॉग व प्रार्थनागृहे जाळण्यात वा उद्ध्वस्त करण्यात आली, सु. ७,५०० दुकाने फोडण्यात आली. शेजारच्या इमारतींना धोका नसेल, तर आग विझवू नये, अशा सूचना अग्निशामक दलांना होत्या. अधिकृत अहवालात ९१ मृत्यूंची नोंद झाली. प्रत्यक्ष संख्या त्याहून पुष्कळ अधिक होती. सु. ३०,००० ज्यू पुरुषांना डाखाउ, बूखेनव्हाल्ड व साक्सेनहाउझेन येथील छळछावण्यांत डांबण्यात आले आणि ज्यू समाजावरच एक अब्ज मार्कांचा दंड लादण्यात आला. फुटलेल्या काचांवरून पडलेले ‘स्फटिकरात्र’ हे नाव अत्याचाराचे स्वरूप सौम्य करते, म्हणून पुढे जर्मनीत ‘नोव्हेंबरचे हत्याकांड’ या अर्थाची संज्ञा अधिक रूढ झाली.

हिटलरच्या या ठराविक कार्यक्रमाचा उपयोग त्याच्या एका विरोधकानेही केला. गेओर्ग एल्झर या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने त्याच पानगृहातील खांबात अनेक रात्री खपून बाँब बसविला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्याचा स्फोट झाला. परंतु हिटलर नेहमीपेक्षा लवकर, स्फोटापूर्वी तेरा मिनिटे, निघून गेला होता. आठ जण मरण पावले. एल्झर पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउ येथे त्याला ठार मारण्यात आले.

१९८९ ची घटना या साखळीबाहेरची आहे. पूर्व जर्मन शासनाने प्रवासाचे शिथिल नियम तयार केले होते व ते १० नोव्हेंबरला जाहीर व्हावयाचे होते. ९ नोव्हेंबरच्या सायंकाळी पक्षाच्या पॉलिटब्यूरोचा सदस्य ग्यूंटर शाबोव्हस्की याने वार्ताहर-परिषदेत त्यांची माहिती दिली. ते केव्हापासून लागू होणार, असा प्रश्न येताच त्याने कागद चाळून, ते तत्काळ लागू होत असल्याचे सांगितले. ही बातमी प्रसृत होताच हजारो नागरिक सीमानाक्यांवर लोटले. स्पष्ट आदेशांच्या अभावी रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर मार्गावरील नाका खुला करण्यात आला. २८ वर्षे उभी असलेली भिंत अशा प्रकारे रक्तपाताविना निष्प्रभ झाली.

१९९० मध्ये एकीकरणाच्या वेळी ९ नोव्हेंबर हा राष्ट्रीय दिन करावा, अशी सूचना पुढे आली. परंतु ज्या दिवशी सिनेगॉग जळाले, त्या दिवशी उत्सव करणे अनुचित ठरले असते. म्हणून पूर्व जर्मनीच्या सामीलीकरणाचा ३ ऑक्टोबर हाच ‘जर्मन ऐक्यदिन’ झाला. १९९६ पासून आउश्विट्सच्या मुक्ततेचा २७ जानेवारी हा नाझी अत्याचारांच्या बळींचा स्मरणदिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. ९ नोव्हेंबर हा सार्वजनिक सुटीचा दिवस मात्र झाला नाही. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांक-व्हाल्टर श्टाइनमायर यांनी बर्लिन येथील बेलव्ह्यू प्रासादात १९१८, १९३८ व १९८९ यांचे एकत्र स्मरण करणारा समारंभ घडवून आणला.

या दिनांकाचे महत्त्व कोणत्याही गूढ नियतीत नाही. १९२३ चा उठाव १९१८ च्या द्वेषातून झाला आणि १९३८ चा अत्याचार १९२३ च्या स्मृतिसोहळ्यातून इतक्या झपाट्याने देशभर पसरू शकला. ‘नियती’ हा शब्द वापरल्याने ही मानवी जबाबदारी झाकली जाते, असा आक्षेप त्यावर घेतला जातो, तो याच कारणासाठी.