बोरू, टाक आणि टाकाऊ लेखणी

लेखनसाहित्याच्या इतिहासाकडे आपल्याकडील अभ्यासकांनी लिपीच्या इतिहासाचे उपांग म्हणून पाहिले आहे. अक्षर कोणत्या शतकात कसे वळले याची चर्चा विपुल झाली. ते वळविणाऱ्या लेखणीचे झिजल्यावर काय होत असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. वस्तुतः झिजलेल्या लेखणीची वासलात लावण्याची रीत भाषेत आणि कागदपत्रांत आपली खूण ठेवून जाते. नाशिक परिसरातील काही पुराव्यांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी येथे केली आहे.

प्रथम ‘टाक’ हा शब्द घेऊ. संस्कृत ‘टङ्क’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. मराठीत त्याचा वंशज ‘टाकी’ हा शब्द आजही त्याच अर्थाने नांदतो. नाशिकजवळील पांडवलेण्यांत उषवदाताचे व गौतमी बलश्रीचे जे प्राकृत लेख आहेत ते अशाच टाकीने कोरलेले. कोरण्याच्या हत्याराचे नाव लिहिण्याच्या हत्याराकडे गेले असावे असे मानण्यास जागा आहे, कारण दोहोंत एक धर्म समान आहे : टोक बोथट झाले की हत्यार निकामी होत नाही, त्याला पुन्हा टोक काढावयाचे असते. टाकीला धार लावतात, बोरू तासतात. ‘टाकाऊ’ हा शब्द मात्र ‘टाकणे’ या क्रियापदाचा. त्याचा ‘टाक’शी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण योगायोग बोलका खरा.

समर्थ रामदासांनी (१६०८–१६८२) नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे तप केले अशी परंपरा आहे. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तेथे निरनिराळ्या देशींचे बोरू आणावेत, ते बळकट, बारीक व सरळ पाहून घ्यावेत असे सांगितले असून, त्याच ओघात ‘टांकतोडणी’ हा शब्द येतो. लोखंडी निबा अद्याप आलेल्या नव्हत्या. म्हणजे ‘टाक’ हे तेव्हा सबंध लेखणीचे नाव नसून वेताच्या वा बोरूच्या छाटलेल्या टोकाचे नाव असावे, आणि ते तोडणे हे लेखकाचे नित्यकर्म. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या पोलादी निबा यंत्रावर निघू लागल्या व आपल्याकडे पोहोचल्या, तेव्हा दांडीत निब खोचून शाईत बुडवावयाच्या नव्या लेखणीला हेच जुने नाव मिळाले. ‘कलम’ या शब्दाची गतीही अशीच. ग्रीकमध्ये बोरूवाचक असलेला हा शब्द अरबी-फारसीमार्गे मराठीत आला आणि लेखणी, दस्तऐवजातील अनुच्छेद व झाडाचे कलम असे तीन संसार करून बसला. या तिहींत छाटणे वा तोडून वेगळे करणे हा भाव डोकावतो.

आता कागदपत्रांकडे वळू. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. यात्रेकरूंची कुळे, गावे व वंशावळी त्यांत नोंदलेल्या असून जुने लेख बहुधा मोडीत आहेत. एकाच कुळाच्या नोंदीत अनेक पिढ्यांचे हात येतात. अशा लेखनात एखाद्या ओळीपासून रेघ एकाएकी बारीक झाली की नवशिका वाचक ‘हस्ताक्षर बदलले’ असा निर्वाळा देतो, आणि तेवढ्यावर मजकूर मागाहून घुसडलेला ठरवितो. वारसाच्या वादात असा निर्वाळा किती दूर जाऊ शकतो हे सांगावयास नको. परंतु बोरू चालता चालता त्याचे टोक मऊ पडते, रेघ जाड होते. लेखक चाकूने ते पुन्हा तासतो आणि पुढील अक्षर सडपातळ उतरते. हात तोच असतो. उलट दर काही अक्षरांनी शाई फिकी होऊन पुन्हा गडद होणे ही दौतीत बोरू बुडविल्याची खूण. ती लय मात्र व्यक्तीव्यक्तीत भिन्न असते व हात ओळखण्यास अधिक उपयोगी पडते. रेघेच्या जाडीपेक्षा अक्षराचे वळण, मोडीतील जोडणीची दिशा आणि ही बुडविण्याची लय यांवर भर द्यावा, असे माझे मत आहे.

दौतीचाही असाच हिशेब असे. काजळ व डिंक यांची शाई वाळली तर पाणी घालून पुन्हा चालती करीत. दौतीतील कापडाचा बोळा ती धरून ठेवी. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईची पूड व वड्या विकावयास आरंभ केला, तेव्हाही पाणी मिसळण्याचे काम गिऱ्हाइकाचेच राहिले. झरणीने बोरू हटविला, परंतु दुरुस्ती हटविली नाही : निब बदलता येई, जीभ धुता येई. ‘जीभ’, ‘टोपण’, ‘नळी’ असे घरगुती शब्द तिच्या अवयवांना मिळाले ते उघडझाप होत असे म्हणूनच.

बिरो या हंगेरियन गृहस्थाने १९३८ मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले. आपल्याकडे ते रुळल्यावर आरंभी कांडी बदलून दांडा वर्षानुवर्षे वापरण्याची चाल होती. ‘रिफिल’ हा शब्द मराठीत पक्का बसला तो त्यामुळे. पुढे दांड्यासकट फेकावयाची पेने व मार्कर आले. त्यांत प्लास्टिकचे दोन-तीन प्रकार, पितळी वा तत्सम मिश्रधातूचे टोक, त्यातील कठीण गोळी किंवा मार्करमधील तंतूंची वात, आणि उरलेली शाई हे सारे बोटभर जागेत एकत्र कोंबलेले असते. ते वेगळे करण्याची मजुरी मालाच्या किमतीहून अधिक पडते. म्हणून भंगारवाला त्यांस हात लावीत नाही व ती घंटागाडीत जातात. १ जुलै २०२२ पासून देशात बंदी आलेल्या एकवार वापराच्या प्लास्टिक वस्तूंच्या यादीत पेन नाही. उत्पादकांवरील विस्तारित जबाबदारीचे त्याच वर्षीचे नियमही प्लास्टिकच्या वेष्टनापुरते आहेत.

भाषेच्या दृष्टीने लक्षणीय हे की या शेवटच्या लेखणीच्या अवयवांना मराठीत नावेच पडली नाहीत. मार्करमधील शाई धरणाऱ्या वातीस विद्यार्थी ‘आतला कापूस’ म्हणतात, आणि स्केचपेन सुकल्यावर मागचे बूच काढून त्यात पाण्याचे थेंब सोडणारी मुले त्या कृतीला कोणतेही नाव देत नाहीत. दौतीतील वाळलेल्या शाईवर होणारा तोच हा जुना संस्कार आहे. त्र्यंबकच्या वह्यांतील अलीकडील पाने बॉलपेनाची असतील तर त्यांत रेघ जाड-बारीक होणार नाही, बुडविण्याची लयही नसेल. तेथे हात ओळखावयाचा तो केवळ अक्षराच्या वळणावरून आणि कागदावर पडलेल्या दाबावरून.