प्रक्रियकातील माहितीगळती

संगणकातील प्रक्रियकाच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, अंतर्गत रचनेमुळे त्यावर चालणाऱ्या एका आज्ञावलीस दुसऱ्या आज्ञावलीची किंवा खुद्द परिचालन प्रणालीची गुप्त माहिती अप्रत्यक्षपणे काढून घेता येणे, यास ही संज्ञा लावतात. या प्रकारचे ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोन दोष ३ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिला इंटेल कंपनीच्या १९९५ नंतरच्या बहुतेक सर्व प्रक्रियकांत आढळला. दुसरा इंटेल, एएमडी व एआरएम या तिन्ही घराण्यांत आढळला.

यास ‘चूक’ म्हणणे काटेकोर अर्थाने कितपत योग्य, हा प्रश्नच आहे. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकाराचा दोष सापडला होता. टॉमस नाइसली या गणितज्ञाने तो उघडकीस आणला आणि कंपनीस सु. ४७·५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. तेथे उत्तरच चुकत होते. मेल्टडाउन व स्पेक्टर यांत मात्र प्रत्येक उत्तर बरोबर येते. प्रक्रियकाने कोणते आदेश पाळावे व कोणते फलित द्यावे हे निर्मात्याने लिहून दिलेले असते; त्या कामास किती वेळ लागावा, याविषयी त्या लेखात काहीच नसते. गळती होते ती या न लिहिलेल्या भागातून.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक अशा गळतीपासून मुक्त होता. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती. एक आदेश पुरा झाल्याशिवाय पुढचा हाती घ्यायचा नाही, असा त्याचा सरळ शिरस्ता होता. पुढे प्रक्रियकांचा वेग स्मृतीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढला व प्रक्रियकाचा बराचसा काळ वाट पाहण्यातच जाऊ लागला. यावर दोन उपाय निघाले. पहिला, नुकतीच लागलेली माहिती जवळच्या लहान पण अतिवेगवान स्मृतीत ठेवण्याचा. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली आणि आयबीएमच्या ३६०/८५ या संगणकात ती प्रत्यक्षात आली. अशा स्मृतीस कॅश म्हणतात. दुसरा उपाय, पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते काम अगोदरच करून ठेवण्याचा व अंदाज चुकल्यास ते रद्द करण्याचा. यास अनुमानित अंमलबजावणी म्हणतात. आदेशांचा क्रम सोडून काम उरकण्याची पद्धत आयबीएमच्या ३६०/९१ या यंत्रात १९६७ मध्ये आली. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रक्रियकाने या दोन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या टेबलावर आणून ठेवल्या.

गळती कशी होते हे एका दृष्टांताने स्पष्ट होईल. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील एक तत्पर कारकून अर्जदारास परवानगी आहे की नाही याचा निर्णय येण्यापूर्वीच कामास लागतो, असे समजा. अर्जदार म्हणतो, ‘‘गोपनीय नोंदवहीत जो अंक असेल त्या क्रमांकाचा सार्वजनिक गठ्ठा मला द्या.’’ कारकून नोंदवही उघडतो, अंक सात असल्याचे पाहतो आणि सातवा गठ्ठा टेबलावर काढून ठेवतो. तेवढ्यात परवानगी नाकारली जाते. कारकून काहीच सांगत नाही; नियमाचा भंग झालेला नाही. पण गठ्ठा टेबलावरच राहिला. आता अर्जदार एकेक करून दहाही सार्वजनिक गठ्ठे मागतो. नऊ गठ्ठ्यांना वेळ लागतो, सातवा तत्काळ मिळतो. गुप्त अंक कळला. येथे टेबल म्हणजे कॅश. तेथील माहिती काही नॅनोसेकंदांत मिळते, तर मुख्य स्मृतीतून ती आणण्यास शंभराच्या आसपास नॅनोसेकंद लागतात. हा फरक मोजणे अवघड नाही. मेल्टडाउनच्या शोधकर्त्यांनी या मार्गाने सेकंदास ५०३ किलोबाइटपर्यंत माहिती वाचून दाखविली.

मेल्टडाउनमध्ये परवानगीची तपासणी उशिरा पडते, एवढाच मुद्दा आहे. स्पेक्टर अधिक कपटी आहे. त्यात प्रक्रियकाच्या अंदाज बांधणाऱ्या मंडलास मुद्दाम चुकीची सवय लावली जाते आणि मग दुसरी आज्ञावली स्वतःच्याच अधिकारात स्वतःचे गुपित टेबलावर काढून ठेवते. म्हणूनच मेल्टडाउनला एक ठोस उतारा सापडला, स्पेक्टरला तसा सापडला नाही.

पूर्वसूचना नव्हत्या असे नाही. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ मध्येच, माहिती देण्यासाठी नसलेल्या वाटांनीही ती बाहेर जाऊ शकते, हे दाखवून दिले होते. पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये गणनेस लागणाऱ्या वेळेवरून सांकेतिक लेखनाची किल्ली काढता येते हे सिद्ध केले. २००५ च्या सुमारास डॅनियल बर्नस्टाइन, कॉलिन पर्सिव्हल तसेच ओस्विक, शामीर व ट्रोमर यांनी कॅशच्या मार्गाने तेच साधले. तरी प्रक्रियक रचणाऱ्यांनी हा सांकेतिक लेखन करणाऱ्यांचा प्रश्न मानला. त्यांची शुद्धतेची कल्पना वेगळी होती. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्यूटर या ब्रिटिश प्रक्रियकांवर आधारलेला होता. त्या घराण्यातील टी-८०० या प्रक्रियकाच्या अपूर्णांकी गणिताच्या भागाची शुद्धता ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने तर्कशास्त्रीय रीतीने सिद्ध केली गेली होती व त्याबद्दल १९९० मध्ये ब्रिटनच्या राणीचा तंत्रविद्या पुरस्कारही मिळाला. हे काम थोर होते; पण सिद्ध झाले ते उत्तर बरोबर येते एवढेच.

गूगलच्या संशोधन गटातील यान हॉर्न या तरुण जर्मन तज्ञाने १ जून २०१७ रोजी हे दोष निर्मात्यांना गुप्तपणे कळविले. ऑस्ट्रियातील ग्राट्स तांत्रिक विद्यापीठाचे ग्रुस, लिप व श्वार्त्स, तसेच जर्मनीतील सायबेरस या संस्थेचे तज्ञ मेल्टडाउनपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. स्पेक्टरपर्यंत कोचर व त्यांचे सहकारी. प्रकटनाचा दिवस ९ जानेवारी २०१८ ठरला होता, परंतु लिनक्स प्रणालीत घाईने होत असलेले बदल जाणकारांच्या नजरेत भरले व बातमी सहा दिवस आधीच फुटली. अमेरिकेतील संगणक आपत्ती समन्वय केंद्राने प्रथम ‘प्रक्रियक बदलावा’ असा सल्ला दिला आणि लवकरच तो मागे घेतला. बदलून घेण्याजोगा निर्दोष प्रक्रियक बाजारात होताच कुठे?

याच आठवड्यात, ८ जानेवारी २०१८ रोजी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ‘प्रत्यूष’ हा ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक राष्ट्रास अर्पण झाला. त्यातील इंटेलचे ब्रॉडवेल पिढीतील झिऑन प्रक्रियक मेल्टडाउनच्या कक्षेत येणारे होते. १ जून २०१८ पासून हवामानाचे १२ किमी. विभेदनाचे अंदाज सुरू झाले ते प्रत्यूष व नोएडातील ‘मिहिर’ यांच्या बळावर. ठराविक शास्त्रज्ञच वापरतात अशा यंत्रात गळतीची भीती मर्यादित असते. तेथे उपायांमुळे वेग किती घटतो, हा प्रश्न मोठा.

भीती खरी असते ती अनेकांनी मिळून वापरलेल्या यंत्रात. बीड जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखला जाणारा प्रयोग २०२० मध्ये येथे सुरू झाला. गेवराई किंवा पाटोद्याचा शेतकरी सेवा केंद्रावर अर्ज भरतो तेव्हा आधार क्रमांक, सातबारा व बँक खाते यांची नोंद दूरच्या माहिती केंद्रात जाते. अशा केंद्रांत सामान्यतः एकाच प्रक्रियकावर अनेक आभासी यंत्रे चालतात व त्यांच्यामधील भिंत प्रक्रियकानेच राखावयाची असते. ही भिंत ओलांडून एका आभासी यंत्रातून यजमान यंत्राची स्मृती वाचता येते, हे हॉर्न यांनी दाखवून दिले. शिवाय अशा वाचनाची खूण नेहमीच्या नोंदींत उरत नाही. चोरी झाली नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

मेल्टडाउनवरील उपाय म्हणजे परिचालन प्रणालीच्या गाभ्याचे स्मृतीतील पत्ते सामान्य आज्ञावलीच्या तक्त्यातून काढूनच टाकणे. वारंवार प्रणालीकडे धाव घेणाऱ्या कामांची गती यामुळे घटते, निव्वळ आकडेमोडीची फारशी नाही. स्पेक्टरसाठी आज्ञावल्यांत अडथळे घालणे, गूगलच्या पॉल टर्नर यांची ‘रेटपोलिन’ ही युक्ती, प्रक्रियकाच्या सूक्ष्मसंकेतात बदल असे अनेक उपाय योजावे लागले. यांतील इंटेलच्या पहिल्या सूक्ष्मसंकेताने संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले, तेव्हा त्याचे वितरण थांबवावे लागले.

यानंतर फोरशॅडो (२०१८), झोंबीलोड (२०१९), रेटब्लीड (२०२२) अशी मालिकाच सुरू झाली. २०२३ च्या ‘डाउनफॉल’ दोषाचा विशेष असा, की तो विखुरलेले आकडे एकत्र गोळा करणाऱ्या आदेशात आहे व त्यावरील उपायाने काही कामांची गती निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. म्हणजे या खेपेस झळ वैज्ञानिक आकडेमोडीलाच लागली. मेल्टडाउनवर यंत्ररचनेतच उपाय केलेले २०१९ चे ‘कॅस्केड लेक’ प्रक्रियकही यातून सुटले नाहीत.

भारतात मद्रासच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेने ‘शक्ती’ व सी-डॅकने ‘वेगा’ ही प्रक्रियकांची घराणी विकसित केली असून दोन्ही ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आदेशसंचावर आधारलेली आहेत. त्यांतील क्रमाने काम करणाऱ्या साध्या प्रक्रियकांना वरील दोषांचा मोठा भाग लागू होत नाही. वेगवान, क्रममुक्त प्रक्रियकांना खुलेपणामुळे आपोआप संरक्षण मिळत नाही. याच आदेशसंचाच्या २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सांकेतिक लेखनविषयक पुरवणीत, कोणत्या आदेशांना लागणारा वेळ त्यांतील आकड्यांवर अवलंबून असता कामा नये, याची यादी दिलेली आहे.