कोटाच्या बाहीतला हात

जुन्या मराठी हँडबिलांवर एक हात हमखास भेटतो. तर्जनी उजवीकडे रोखलेली, बाकीची बोटं मुठीत, मनगटाला कोटाची बाही आणि बाहीला बटणसुद्धा. मजकूर काढ्याचा असो, बी-बियाण्याचा असो की ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं बजावणारा असो, हात तोच. आमच्या बार्शीच्या छापखान्यात त्याला नुसतं ‘हात’ म्हणत. तिथले अप्पा जुळाऱ्याला, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणाऱ्याला, सांगायचे, “भावाच्या ओळीला हात टाक.” मग जुळारी खिळ्यांच्या केसच्या कोपऱ्यातल्या घरातून, फुल्या नि वेलबुट्ट्यांच्या शेजारून तो खिळा उचलायचा आणि ओळीच्या तोंडाशी बसवायचा.

आज फोनवर तसाच हात पिवळा होऊन आला आहे, आणि त्याच्यामागून अंगठा, मूठ, टाळ्या, जोडलेले तळवे अशी सगळी पलटण आली आहे. पत्रिका करायला येणारी तरुण मंडळी यांना इमोजी म्हणतात आणि ते कालपरवा जन्मले असं धरून चालतात. माझं म्हणणं असं की यातले बरेच हात मुद्रणाच्या धंद्याचेच नातेवाईक आहेत, आणि त्यांचा अर्थ प्रसंगाप्रमाणे लागतो हे छापखान्याने फार आधी अनुभवलं आहे.

हा दाखवणारा हात मुळात वाचकांचा. युरोपात बाराव्या शतकापासून हस्तलिखितं वाचणारे लोक महत्त्वाच्या ओळीसमोर समासात हात काढून ठेवत. चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेट्रार्क असे हात काढायचा. त्याच्या हाताला अंगठाच नसे, पाचही बोटंच. पंधराव्या शतकात छपाई सुरू झाली आणि १४८० च्या आगेमागे हात शिशाच्या खिळ्यात ओतला गेला. पूर्वी खूण वाचक करायचा, आता छापणारा आधीच करून देऊ लागला. एकोणिसाव्या शतकात जाहिराती वाढल्या तसा हात पोस्टरांवर, रस्त्यावरच्या पाट्यांवर, अमेरिकेत तर पत्ता न सापडलेलं पत्र परत पाठवण्याच्या टपालशिक्क्यावरही जाऊन बसला. कोटाची बाही त्याच काळातली.

मराठी छपाईचा इतिहास आपण अक्षरांचा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या टायपाने देवनागरीला जी गोलाई दिली, ती आजही डोळ्यांत भरते. अक्षरं आपल्या माणसांनी आपल्या डोळ्यांनी घडवली. हाताच्या वाट्याला मात्र तो जिव्हाळा आला नाही. तो वेलबुट्ट्यांबरोबर साहेबी बाहीसकट आला आणि तसाच राहिला. याची मला मनापासून खंत आहे. आरूंसारख्या कारागिराने एक हात कोरला असता तर मनगटात कडं दिसलं असतं.

दुसरा हात होता तो नमस्काराचा ब्लॉक, आणि हा पुरता आपला. आम्लात खोदलेला जस्ताचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर चार बारीक चुकांनी ठोकलेला. ठोकळ्याची उंची खिळ्याइतकीच लागते. कमी भरली तर ट्रेडल छपाईयंत्रावर छाप उठत नाही, मग खाली कागदाची चकती चिकटवायची. जास्त झाली तर कागदाला भोक पडतं. आमच्या ब्लॉकची एक करंगळी वापरून वापरून झिजली होती, त्यामुळे गावातल्या कुठल्याही पत्रिकेवर तो नमस्कार दिसला की पत्रिका आमच्याकडची हे मला लांबून कळायचं.

याच ब्लॉककडून मी हातांबद्दलची मोठी गोष्ट शिकले. लग्नसराईत तो कुंकवाच्या रंगाच्या शाईत ‘सुस्वागतम्’ खाली लागायचा. मधेच कुणाच्या घरून दशक्रियेच्या कार्डांची घाई यायची. मशीनमन रूळ रॉकेलने धुवायचा, काळी शाई चढवायचा, आणि तोच ब्लॉक, तीच झिजलेली करंगळी, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ खाली बसायची. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. शाई, शेजारचा मजकूर आणि पत्रिका कुणाच्या हाती पडते, एवढ्यावर अर्थ ठरायचा.

ट्रेडल गेली, संगणक आले. अमेरिकेत १९७८ साली हेरमान झाफ या जर्मन अक्षरकाराच्या चिन्हांचा संच बाजारात आला होता. त्यात रोखलेलं बोट होतं, लिहिणारा हात होता आणि दोन बोटांचा विजयाचा हातही होता. हा संच १९८६ च्या अ‍ॅपलच्या लेझर प्रिंटरमध्ये बसवला गेला आणि जगभर गेला. संगणकावर पानं लावणाऱ्या आम्हा डीटीपीवाल्यांच्या ओळखीचा मात्र ‘विंगडिंग्ज’ हा फॉन्ट. पेजमेकरमध्ये मराठी ओळ टाकून झाली की फॉन्ट बदलायचा आणि कॅपिटल एफ दाबायचा. उजवीकडे बोट हजर. ई दाबला तर डावीकडे, जी दाबला तर वर, एच दाबला तर खाली. सी वर अंगठा होता, डी वर उलटा अंगठा. तेव्हा हे अंगठे कुणी फारसे वापरत नसे, पण कळफलकावर ते होते. झाफची ती चिन्हं पुढे जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये गेली. फोनवरचा लिहिणारा हात आणि दोन बोटांचा हात त्याच घराण्यातले.

बाकीचे बरेच हात जपानी. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो या फोन कंपनीसाठी १७६ चित्रं केली. प्रत्येकाला जागा १२ गुणिले १२ ठिपक्यांची. त्यात मूठ, दोन बोटं आणि उघडा पंजा असे तीन हात होते, आणि ते होते दगड, कात्री, कागद हा पोरांचा खेळ खेळायला! जपानी मुलाला जी कात्री, तीच इंग्रजाला विजयाची खूण. कारण १९४१ च्या जानेवारीत व्हिक्टर द लावले या बेल्जियन पुढाऱ्याने बीबीसीवरून आपल्या व्यापलेल्या देशाला व्ही या अक्षराची खूण दिली आणि पुढे चर्चिलने दोन बोटं वर करून ती घरोघर पोचवली. मूठही तशीच. खेळातला दगड आज मोर्च्याच्या घोषणेखाली उभा असतो. आणि उघडा पंजा १९७८ पासून आपल्याकडे एका राष्ट्रीय पक्षाचं निवडणूकचिन्ह असल्यामुळे प्रचाराच्या दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर ‘थांबा’ म्हणून तो टाकणाऱ्याने दोनदा विचार करावा.

२०१० च्या ऑक्टोबरात युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत ही जपानी चित्रं एकदम आली आणि पुढच्या वर्षीपासून आयफोनच्या कळफलकातून जगभर पसरली. जोडलेले हात त्यातलेच. जपानात ते विनंतीला, आभाराला, माफीला वापरतात. जेवणाआधीही तिथे तळवे जोडतात. अमेरिकेत कित्येकांना ती प्रार्थना वाटली, तर काहींना दोन माणसांनी दिलेली टाळी. मराठी माणसाला शंका आलीच नाही. त्याने पहिल्या दिवसापासून तो नमस्कार धरला, आणि सकाळच्या ‘शुभ सकाळ’पासून रात्रीच्या निधनवार्तेपर्यंत सगळीकडे वापरला, आमच्या ब्लॉकसारखाच. मला हे फार आवडतं. दुःखाच्या बातमीखाली काय लिहावं हे सुचत नाही तेव्हा हात जोडणं पुरेसं असतं. फक्त तिथे अंगठा नको. ‘वडील गेले’ या ओळीखाली वर केलेला अंगठा मी पाहिला आहे. टाकणाऱ्याला ‘निरोप पोचला’ एवढंच म्हणायचं असेल, पण वाचणाऱ्याच्या मनात ते सलतं.

अंगठ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त घोटाळे त्याचेच. आपल्याकडे मूठ हलवून अंगठा दाखवला की समोरच्याला हात हलवत परत पाठवल्यासारखं. ज्येष्ठांपैकी काहींना तो फोनवरही खटकतो, आणि त्यांना तसं वाटण्यात काही चूक नाही. दुसरीकडे अंगठा हीच गरिबाची सही. सोसायटीच्या कर्जाचे फॉर्म आम्ही गठ्ठ्याने छापायचो; शेवटी ‘सही / निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि त्यापुढे रिकामा चौकोन. त्या चौकोनाची कड जरा जाड ठेवा, असं अप्पा सांगायचे, कारण शाईचा अंगठा बाहेर पसरतो.

त्या चौकोनामागे एक बंगाली करार आहे. १८५८ च्या जुलैत जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याला लागणाऱ्या मालाचा सौदा केला. कोनाई उद्या ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणेल, या धास्तीने हर्शेलने त्याच्या उजव्या तळव्याला शिक्क्याची शाई फासली आणि कराराच्या पाठीवर अख्खा पंजा उठवून घेतला. तेव्हा हेतू वचक बसवण्याचाच होता. पुढे हर्शेल बोटांच्या ठशांच्या अभ्यासाकडे वळला आणि १८७७ साली हुगळीला त्याने पेन्शनीच्या व दस्तनोंदणीच्या कामात ठसे घ्यायला सुरुवात केली.

आता कॅनडात या. सस्कॅचवान प्रांतात २०२१ च्या मार्चमध्ये एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला ८६ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि ‘करार पक्का करा’ असं लिहिलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. नोव्हेंबरात माल द्यायचा होता. तोवर जवसाचा भाव चढला आणि माल आला नाही. शेतकरी म्हणाला, करार मिळाला एवढंच मी कळवलं होतं. २०२३ च्या जूनमध्ये न्यायालयाने तो अंगठा सही धरला आणि सुमारे ८२ हजार डॉलर भरायला लावले. कारण आधीच्या वर्षांत हाच शेतकरी ‘ठीक आहे’, ‘होय’ असे एक-दोन शब्दांचे निरोप पाठवून माल देत आला होता. २०२४ च्या डिसेंबरात वरच्या न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. मला हा निकाल पटतो. दोघांत जी रीत पडली असेल तिच्यावरून खूण वाचली जाते. म्हणून प्रूफवर गिऱ्हाइकाचा नुसता अंगठा आला तर मी छपाईला घेत नाही. ‘छापा’ असा शब्द मागते. मुलीचं नाव चुकून शंभर पत्रिका निघाल्या तर अंगठ्याचा अर्थ लावत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

रंगाचंही सांगायला हवं. छापलेल्या हाताला कातडीचा रंग नसे, त्याला शाईचा रंग असे. फोनवर तो पिवळा झाला. पिवळा म्हणजे कुणाचाच नव्हे, अशी कल्पना होती. सावळ्या लोकांना ते पटलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं. २०१५ साली युनिकोडच्या आठव्या आवृत्तीत पाच छटा आल्या. त्या घेतल्या टॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली केलेल्या वर्गवारीतून. ऊन कुणाच्या कातडीला किती सोसतं, याची ती वर्गवारी. त्यात सहा प्रकार होते, पहिले दोन एकत्र करून पाच केले. मी चौथी छटा वापरते. आमच्या घरात सगळ्यांचे हात तसेच आहेत.

राहता राहिले ते न आलेले हात. पाचही बोटांची टोकं जुळवून वर धरलेला इटालियन हात २०२० साली आला; आद्रियानो फारानो, जेनिफर ली आणि थिओ शिअर या तिघांनी आदल्या वर्षी त्यासाठी अर्ज केला होता. त्यांच्या मागे मोठी परंपराही होती. नेपल्सच्या आंद्रेआ दे योरिओ या पाद्र्याने १८३२ सालीच आपल्या गावकऱ्यांच्या हातवाऱ्यांवर जाड ग्रंथ लिहून ठेवला आहे. आपल्याकडे तीच बोटं तोंडाकडे नेली की घास होतो. अर्ज कुणालाही करता येतो. मग आजीचे हात का नसावेत? परीक्षेला निघालेल्या नातवाच्या चेहऱ्यावरून दोन्ही तळवे फिरवायचे आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. फोनवरच्या एकाही हाताला हे म्हणता येत नाही.

अर्जाबरोबर चित्र द्यावं लागतं, ७२ ठिपक्यांचं आणि १८ ठिपक्यांचं. मी कागदावर चौकटी आखून काढून पाहिलं. ७२ मध्ये चेहरा, बांगड्या, बोटं सगळं बसतं. १८ मध्ये बोटं आणि कानशील एकमेकांत जातात. तिथे चेहरा गाळून दोन मुठी आणि बाजूला मोडल्याच्या दोन-दोन रेघा ठेवाव्या लागतील. ही खूण एका गावापुरती नाही हेही पटवून द्यावं लागतं. ते अवघड नाही. हिंदी मुलखात हीच बोटं मोडतात, तेलुगू आणि तमिळ घरांतही मोडतात. भाचीचं इंग्रजी चांगलं आहे, अर्ज ती लिहील. चित्र मी करीन.