पाटाचे पाणी आणि अंगातले रक्त

१६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, हे आपल्या जिल्ह्यातला शाळकरी पोरगाही सांगेल. त्याच सुमारास विल्यम हार्वे नावाचा एक इंग्रज तरुण इटलीतल्या पादुआ येथे वैद्यक शिकत होता. पुढे त्याला झगडावे लागले ते गेलेन या ग्रीक वैद्याच्या मताशी. गेलेनला जाऊन चौदाशे वर्षे झाली होती, तरी युरोपात काय किंवा युनानी हकिमांत काय, त्याचा शब्द प्रमाण!

गेलेन सांगे, अन्नाचे यकृतात रक्त होते, ते शिरांवाटे अंगभर जाते आणि तिथेच जिरते. मंडळी, हे मत वेडगळ नव्हते बरे का. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांतून त्याचे पाणी राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला मिळते. ते शिवारात जिरते. पाटाचे पाणी फिरून धरणात आल्याचे कुणी ऐकले आहे?

हार्वेने हिशोब मांडला. आजच्या आकड्यांनी आपणही तो मांडू. मनगटावरची नाडी मोजा. मिनिटाला सुमारे ७२ ठोके भरतील. दर ठोक्याला मुठीएवढे हृदय साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे लोटते. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, तासाला ३०० लिटर, दोनशे लिटरची दीड पिंपे! अंगात रक्त असते जेमतेम ५ लिटर. मग इतके नवे रक्त यकृताने आणायचे कोठून? तेव्हा तेच रक्त फिरते आहे: उजव्या बाजूने फुप्फुसात, तिथून डाव्या बाजूला, रोहिण्यांतून अंगभर आणि नीलांतून माघारी.

गुरुजींनी वर्गात एक करून दाखवावे. दंडाला मिनिटभरच रुमाल बांधावा. शिरा फुगतात, त्यांत गाठी दिसतात. त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरा, दुसऱ्याने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारा. ते खाली उतरत नाही. या झडपा हार्वेला त्याच्या गुरूने, फॅब्रिशियसने, दाखविल्या होत्या. पण त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, हे शिष्याला उमगले.

मलिक अंबर वारला १६२६ मध्ये. हार्वेचे पुस्तक निघाले १६२८ साली. त्याला वेड लागले म्हणून रोगी त्याच्याकडे येईनात, असे सांगतात. शिवाय एक दुवा त्यालाही दिसला नव्हता. रोहिणीतले रक्त नीलेत शिरते कसे? हार्वे १६५७ मध्ये गेला. चार वर्षांनी मालपिगी या इटालियनाने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस धरले, आणि केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे त्याच्या दृष्टीस पडले.