बडोद्याची शिष्यवृत्ती आणि आपले नागसेनवन

दात्याच्या दानाचे मोल केवळ रकमेवरून ठरवू नये. ते कोठे जाऊन फळास आले हे पाहावे, असे आम्हांस वाटते. आपल्या नगरातील नागसेनवन हे अशाच एका दानाचे दूरवर आलेले फळ आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना, कृष्णाजी अर्जुन केळूसकरांच्या खटपटीने, त्यांनी दरमहा २५ रुपये सुरू केले आणि १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात धाडले. परतल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्यास हजर झाले. परंतु त्या विद्वानाला गावात राहावयास जागा मिळेना! पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर तेथूनही जात कळताच त्यांना बाहेर काढण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले. महाराजांचा हात मोठा होता; समाजाचे मन लहान निघाले.

मग ते ऋण फिटले कोठे? १९४४ साली मॅट्रिकपुढे शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यांमागे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांचाच आग्रह होता. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९५० साली तिचे कॉलेज औरंगाबादेस उघडले. येथे १९२३ पासून इंटरमीजिएट कॉलेज होते. पण निजामी अमदानीत पुढच्या पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. गरिबाच्या मुलाला ते कसे परवडावे? १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव मिळाले मिलिंद, म्हणजे भिक्षू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. त्या परिसरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहेही उभी राहिली. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्याने मराठवाड्याच्या मुलांना छप्पर दिले.

आजही आपल्या गावी खेड्यापाड्यांतून मुले शिकावयास येतात. शिष्यवृत्ती त्यांना कॉलेजच्या दारापर्यंत आणील. मात्र खोली भाड्याने देताना आपण त्यांचे आडनाव विचारणार की नाही, हा प्रश्न कोणा महाराजांनी सोडवावयाचा नाही. तो आपणा नगरवासीयांचाच आहे.