मिरजेचं इथेनॉल आणि गाडीचं ॲव्हरेज

ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्या आणि नळीवर बसवायची लोहचुंबकं जुनीच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी शंभरावर साधनं तपासली, बहुतेकांनी काही फरक पडला नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायचा खरा प्रयोग आपल्या कुपवाडच्या शेजारीच झाला. २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात सरकारनं ५ टक्के इथेनॉल घालून पाहिलं. २००३ पासून ते ९ राज्यांत आलं, आता २० टक्क्यांवर गेलंय.

इथेनॉलमध्ये लिटरमागं उष्णता पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी. म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं, पण उसाला गिऱ्हाईक मिळतं. हा हिशोब उघड आहे. बाटलीवाल्यानं सांगावं, चमचाभर औषधातून जादा उष्णता येणार कुठनं? त्यापेक्षा एअर फिल्टर साफ ठेवा, टायरात हवा बघा.