‘ता’च्या अलीकडचा प्रकाश

इंद्रधनुष्याचे रंग आपण शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ असे पाठ केले. या सूत्राची सुरुवात तांबड्याच्या ‘ता’ने होते. पण ‘ता’च्याही अलीकडे प्रकाश आहे. त्याला आपण ‘अवरक्त’ म्हणतो, म्हणजे तांबड्याच्या खालचा. पेशीतल्या प्रथिनांची घडण आज या न दिसणाऱ्या प्रकाशात वाचता येते. ही विद्या जन्मली मात्र सूर्याकडे पाहताना.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा तपासत होते. काही काचांतून उजेड कमी येई, पण ऊब जास्त. कोणत्या रंगात किती उष्णता असते, हे मोजायला त्यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे पारा चढत गेला आणि तांबड्याच्या पुढे, जिथे उजेडच नव्हता, तिथे तो आणखी चढला.

या किरणांवरून पदार्थांची ओळख पटते, हे शतकभराने अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी दाखवले. लांब लहरींचे अवरक्त किरण साध्या काचेतून पार होत नाहीत, म्हणून लोलक सैंधव मिठाचा लागे. एकेक बिंदू मोजत त्यांनी शंभरावर संयुगांचे वर्णपट काढले आणि १९०५ साली प्रसिद्ध केले. अणूंचा एखादा गट कोणत्याही संयुगात असो, ठरावीक लहरी तो शोषतोच, असे त्यातून दिसले. अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे थरथरतात. ज्याची जशी लय, तशी लहर तो उचलतो.

सजीवांकडे वळताना पाणी आडवे आले. सैंधव त्यात विरघळते, हे एक. दुसरे अधिक अवघड होते. प्रथिनांची सर्वांत बोलकी खूण, एका सेंटीमीटरमध्ये सुमारे १६५० लहरी मावतील अशा प्रकाशात उमटते आणि पाणीही जवळजवळ तिथेच प्रकाश गिळते. त्यामुळे नमुने वाळवून घेत किंवा जड पाण्यात ठेवत. त्यातल्या ड्युटेरियममुळे, म्हणजे जड हायड्रोजनमुळे, पाण्याचे ते कंपन संथ होते आणि त्याची खूण बाजूला सरकते.

१९४९ साली एल्कन ब्लाउट आणि रॉबर्ट मेलर्स यांनी ऊतींचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी एलियट आणि अँब्रोज यांनी दाखवले, की प्रथिनाची साखळी गुंडाळलेली असेल तर ती खूण १६५०जवळ असते. रेशमातल्यासारखी ताणून पसरली, की ती १६३०कडे उतरते. साखळीतल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाला शेजारचा हायड्रोजन कसा धरून ठेवतो, यावर ती लय ठरते.

मग गणित मदतीला आले. उष्णतेचाच अभ्यास करताना फ्रेंच गणिती फूरिए यांनी मांडलेल्या पद्धतीमुळे सगळ्या लहरी एकदम मोजून नंतर वेगळ्या करता येतात. १९६५ साली त्या आकडेमोडीची झटपट रीत कूली आणि टुकी यांनी दिली. तासांचे काम मिनिटांवर आले. पुढे वर्णपट मोजणाऱ्या यंत्राला सूक्ष्मदर्शक जोडला गेला.

ऊतीचा काप एरवी रंगवल्याशिवाय नीट दिसत नाही. इथे रंग लागत नाही. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूचा काप या किरणांखाली ठेवला, की अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या डागांपाशी ती खूण १६३०च्या आसपास, कधी त्याहून खाली सरकलेली सापडते. प्रथिनाची घडी मोडल्याची ही साक्ष त्याचा स्वतःचा बंधच देतो, आपल्याच लयीत.